जॉडकास्ट : तारे न दिसणाऱ्या श्रोतीचा अभिप्राय

मला रेटिनायटिस पिगमेंटोझा आहे. या आजारात बहुतेकदा रात्रीचं दिसणं आधी जातं, त्यामुळे माझे तारे सगळ्यात आधी गेले. कॉलेजात असताना कृत्तिकेत सहा तारका मोजायचे. पुढे चार उरल्या, मग नुसता धूसर डाग, मग तोही गेला. आता भर दिवसाही समोरचा एक लहानसा गोल तेवढा दिसतो. खगोलशास्त्राची ओढ मात्र गेली नाही. गेली काही वर्षं ती जॉडकास्टवर भागते आहे.

हा इंग्रजी पॉडकास्ट 2006 साली सुरू झाला. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या जॉड्रेल बँक वेधशाळेतले खगोलशास्त्रज्ञ आणि तिथे पीएच.डी. करणारी मुलं मिळून तो करत आली. ऐकायला पैसे पडत नाहीत. बातम्या, संशोधकाची मुलाखत, श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरं आणि त्या महिन्याचं आकाश, असा साधारण ऐवज असतो.

मुलाखती हा त्याचा जीव. विचारणारा विद्यार्थी स्वतः याच विषयात धडपडत असतो, त्यामुळे कुठे अडतं ते त्याला ठाऊक असतं. ‘किती सुंदर!’ म्हणून तो पुढे जात नाही. हे मोजलं कसं, खात्री कशी झाली, असं विचारतो. मग शास्त्रज्ञाला सगळं शब्दांत मांडावंच लागतं, आणि मला तेच हवं असतं. पूर्वी एका तारांगणात मी तासभर बसले होते. निवेदक सारखे ‘हे बघा, इकडे बघा’ म्हणत होते आणि मी अंधारात नुसतं ऐकत होते. बाहेर आल्यावर भाचीने काय काय दाखवलं ते सांगितलं, तेव्हा कुठे पदरात काही पडलं.

जॉड्रेल बँक रेडिओ खगोलशास्त्रातली, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी, हेही माझ्या पथ्यावर पडलं. तिथली लव्हेल दुर्बीण म्हणजे 76 मीटर व्यासाची फिरती थाळी. ती 1957 साली सुरू झाली आणि त्याच वर्षी तिने स्पुटनिकला घेऊन गेलेल्या रॉकेटचा रडारने माग काढला. ढग असोत, भर दुपार असो, तिचं काम चालतं. रेडिओ लहरी कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाहीत, हे मला आधीही माहीत होतं. पण संशोधकांना संकेत, गोंगाट, आवर्तन या शब्दांत बोलताना ऐकलं आणि वाटलं, या खोलीत मी पाहुणी नाही.

स्पंदकांवरची संभाषणं तर मी पुन्हा पुन्हा ऐकते. स्पंदक म्हणजे फुटून गेलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला गाभा. शहराएवढा लहान, पण सूर्याहून जड असा हा न्यूट्रॉन तारा गरगर फिरतो आणि त्याचा रेडिओ झोत दर फेरीला आपल्यावरून जातो. 1967 साली जोसलिन बेल या केंब्रिजमधल्या विद्यार्थिनीने कागदी पट्टीवर पहिल्यांदा हा ठोका पकडला. दर 1.337 सेकंदांनी एक. विद्यार्थ्याच्या शंकेला किती वजन असू शकतं, ते इथे कळतं.

‘महिन्याचं आकाश’ हा भाग बरीच वर्षं जॉड्रेल बँकेतले खगोलशास्त्रज्ञ इयन मॉरिसन सांगत. मृगाच्या पोटातल्या बाणाची रेघ खाली वाढवली की व्याध, अशा तऱ्हेचं ते वर्णन. एकेक वाक्य थांबवून मी टेबलावर बोटाने तो नकाशा काढते. दक्षिण गोलार्धाचं आकाश न्यूझीलंडहून वेगळं सांगत, तेव्हा तोच मृग मी उलटा काढला. फक्त जुने भाग ऐकताना ग्रहांच्या जागा सोडून द्या. त्या तेव्हाच्या आहेत. आणि अगदी नवख्याने मुलाखतीपासून सुरुवात करू नये. दोघं जाणकार रंगात आले की ‘रेडशिफ्ट’सारखा शब्द न उलगडताच पुढे जातो. आधी प्रश्नोत्तरं ऐकावीत.

एक जोड सुचवते. जॉड्रेल बँकेने स्पंदकांचे रेडिओ संकेत स्पीकरवर ऐकू येतील असे करून ठेवले आहेत. मुलाखतीनंतर मी आणि भाची ते लावतो. बी 0329+54 नावाच्या स्पंदकाचा ठोका पाऊण सेकंदाच्या आतबाहेरचा. तो तिने टेबलावर सहज धरला. वेला स्पंदक सेकंदाला 11 वेळा, तिथे तिची बोटं अडखळली. खेकडा तेजोमेघातला 30 वेळा, त्याची घरघरच होते. शेवटी सेकंदाला 642 फेऱ्या घेणारा लावला. तो थेट सूर झाला. भाची कीबोर्डकडे धावली, दोन पट्ट्या आळीपाळीने दाबून पाहिल्या आणि म्हणाली, “मावशी, हा दोन्हींच्या बरोब्बर मधे आहे.”