बिग बॉस मराठी ५: अर्धा खेळ टीव्हीवर, अर्धा फोनवर

शो कसा होता यावर सगळ्यांचं बोलून झालंय, मला बोलायचंय ते चॅनल आणि फॅन्सच्या कनेक्शनबद्दल, कारण २०२४ च्या या सीझनची खरी मजा तिथेच होती. रात्री ९ ला कलर्स मराठीवर एपिसोड, पण प्रोमो त्याआधीच इन्स्टावर पडलेला आणि एपिसोड लागेपर्यंत खाली कमेंट्समध्ये दोन गट एकमेकांवर तुटून पडलेले असायचे!

अभिनेत्री वर्षाताई उसगांवकरांना घरात निक्की तांबोळीकडून जे काय ऐकून घ्यावं लागलं त्यावरून लोक किती भडकले होते आठवतंय ना? आणि मग पहिल्याच 'भाऊच्या धक्क्या'वर, म्हणजे वीकेंडच्या एपिसोडमध्ये, होस्ट रितेशभाऊने (देशमुख) निक्कीची जी शाळा घेतली, महाराष्ट्राची माफी माग म्हणून सांगितलं, तेव्हा वाटलं अरे आपण आठवडाभर जे टाइप करतोय तेच हा माणूस टीव्हीवर बोलतोय. जाम भारी वाटलं. प्रेक्षकाला आणखी काय पाहिजे.

सूरज चव्हाण तर बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा पोरगा, रील्समधूनच वर आलेला, त्याचं 'गुलिगत' नि 'झापुक झुपूक' घरात जायच्या आधीच पोराटोरांच्या तोंडी होतं. ६ ऑक्टोबरला ट्रॉफी त्याने नेली आणि रनरअप कोण, तर अभिजीत सावंत, जो २००५ मध्ये इंडियन आयडॉलचा पहिला सीझन जिंकलेला, तेव्हा लोक जास्तीचे पैसे मोजून एसएमएस करायचे. या सीझनला मात्र जिओ सिनेमाचं ॲप उघडायचं, फोटोवर टॅप करायचं, झालं वोट. माझ्या आईनेसुद्धा कोणाला न विचारता केलं, त्यामुळे वोटिंगला माझे पूर्ण मार्क.

पण एक गोष्ट खटकतेच. कोणाला किती मतं पडली हे कधीच सांगत नाहीत, मग दर एलिमिनेशनला 'फिक्स आहे' म्हणून बोंब होणारच ना, आकडे दाखवले तर अर्धी भांडणं तिथेच मिटतील. आणि सीझन ७० दिवसांत गुंडाळला, त्यावर लोक एवढे हळहळले तरी काही फरक पडला नाही. स्पर्धकांच्या घरच्यांना कमेंट्समध्ये शिव्या घालतात त्या तरी पेज चालवणाऱ्यांनी रोजच्या रोज उडवायला हव्यात, घरच्यांची काय चूक त्यात.

माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार. मतांचे आकडे जाहीर केले की पाचवाही देईन.