ऑक्स, पेनड्राइव्ह, ब्लूटूथ की एफएम ट्रान्समीटर: जुन्या गाडीत गाणी कशी वाजवावीत?

दुकानात जाण्याआधी गाडीत जाऊन बसा आणि टॉर्च लावून टेपच्या, म्हणजे गाडीतल्या म्युझिक सिस्टिमच्या, तोंडाकडे नीट बघा. ३.५ मिलिमीटरचं गोल भोक, म्हणजे ऑक्स, दिसतंय का? यूएसबीची खाच? नसेल तर डॅशबोर्डचा कप्पा उघडा, हँडब्रेकजवळची झाकणं उचला. माझ्या २०१० च्या सेकंडहँड गाडीत ऑक्सचं भोक कप्प्याच्या मागच्या भिंतीत निघालं. तोवर मी दीड वर्ष एफएम ट्रान्समीटरवर काढलं होतं, त्यामुळे त्याच्याबद्दल थोडं कडवट लिहिलं गेलं तर समजून घ्या.

हा ट्रान्समीटर लायटरच्या सॉकेटमध्ये बसतो. तुमच्या फोनमधलं किंवा प्लेअरमधलं गाणं तो एखाद्या फ्रिक्वेन्सीवर प्रसारित करतो आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. म्हणजे आपल्यापुरतं एक खेळण्यातलं आकाशवाणी केंद्र. वायरिंगला हात लावावा लागत नाही, काही शे रुपयांत मिळतो आणि रेडिओ असलेल्या कुठल्याही गाडीत चालतो. पण एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ, आणि मोठ्या शहरात त्यातल्या बऱ्याच जागा भरलेल्या. पुण्यात ९१.१, ९८.३, १०१ वर आणि त्यांच्या आसपास जाऊच नका. बरं, एक रिकामी जागा शोधली तरी ती त्या शहरापुरतीच. कोल्हापूरला निघालात की वाटेत कुठेतरी दुसऱ्या गावाचं केंद्र त्याच जागी उगवतं. रेडिओ दोघांपैकी जोरात असेल त्याचंच ऐकतो, आणि तुमचा ट्रान्समीटर कधीच जोरात नसतो. अभंगाच्या मध्येच सोन्याच्या दुकानाची जाहिरात ऐकून आमच्या मातोश्रींनी टेप बंद करायला लावला, तो दिवस मला आठवतो.

दुसरी अडचण खरखरीची. ढोलकी, ताशा, लग्नाची गाणी यात ती झाकली जाते. पण आलाप सुरू झाला, नुसता तानपुरा वाजू लागला की मागची सूं-सूं स्पष्ट ऐकू येते. शिवाय एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही पोचत नाही, त्यामुळे झांजा जरा बोथट वाटतात. मुलाखती, कीर्तनं, पॉडकास्ट यांना मात्र तो पुरतो. घेतलाच असेल तर फोनचा आवाज पूर्ण चढवू नका, पाऊण ठेवा. नाहीतर आवाज फाटतो आणि आपण उगाच स्पीकरला शिव्या देतो.

टेपमध्ये कॅसेटचा खण असेल तर ट्रान्समीटरपेक्षा कॅसेट अडॅप्टर बरा. दिसायला कॅसेट, पण आत फीत नाही. एक छोटं चुंबकीय हेड टेपच्या हेडला थेट आवाज देतं. हवेतून प्रवासच नाही, त्यामुळे केंद्रांची भांडणंही नाहीत. चाकांची घरघर थोडी येते. मिळाला तर घ्या, त्याच्या शोधात बाजार मात्र पालथा घालू नका.

आता खरी निवड: ऑक्स की ब्लूटूथ.

ऑक्स म्हणजे साधी वायर, दोन्ही टोकांना पिन. जुना आयपॉड अजून जपून ठेवला असेल तर त्याच्यासाठी हाच राजमार्ग, कारण आयपॉड क्लासिकमध्ये ब्लूटूथ कधी आलंच नाही. त्याच्या खालच्या ३०-पिन खाचेतून लाइन-आउट (प्लेअरच्या व्हॉल्यूमआधीचा थेट आवाज) काढणारी केबल असेल तर हेडफोनच्या भोकाऐवजी तीच वापरा. त्या वाटेने आयपॉडचा स्वतःचा व्हॉल्यूम मध्ये येत नाही आणि आवाज जास्त स्वच्छ येतो. फोनची गोष्ट वेगळी. २०१६ च्या आयफोन ७ पासून एकेका कंपनीने हेडफोनचं भोक काढून टाकलं. टाइप-सी ते ३.५ चा तुकडा घ्यावा लागतो आणि त्यात दोन जाती असतात. एकीत आवाज बनवणारी चिप (डॅक) असते, दुसरीत नुसत्या तारा. नुसत्या तारांचा तुकडा काही फोनवर चालतो, काहींवर ढिम्म. दुकानदाराला ‘डॅकवाला’ म्हणून मागा.

ऑक्सचा एक रोग बहुतेकांना भेटतो. फोन गाडीतच चार्जिंगला लावला की स्पीकरमधून ‘कुंई’ असा आवाज, आणि ॲक्सिलरेटर दाबला की त्याचाही सूर चढतो. स्पीकर बिघडलेला नसतो. चार्जर आणि ऑक्स या दोन वाटांनी फोनचं अर्थिंग गाडीला जोडलं जातं आणि त्या फेऱ्यातून अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा, आवाज आत शिरतो. चार्जर उपटून बघा. कुंई थांबली तर निदान पक्कं. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची काडेपेटीएवढी डबी ऑक्सच्या वायरीत मध्ये लावली की काम होतं. मला हे सांगणारं कोणी नव्हतं, मी आधी दोन स्पीकर बदलले.

ब्लूटूथचा आवाज वायरीइतका चांगला नसतो असं कानाचे पक्के लोक म्हणतात, आणि घरात बसून ऐकलं तर त्यात तथ्य आहे. ब्लूटूथवर आवाज आवळून पाठवायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. सगळीकडे चालणारा एसबीसी कोडेक सेकंदाला साधारण ३२८ किलोबिटपर्यंत (केबीपीएस) जातो. सोनीचा एलडॅक ९९० पर्यंत, पण तो फोन आणि टेप दोघांनाही यावा लागतो. हायवेवर ताशी ८० च्या वेगात टायरचा आणि वाऱ्याचा आवाज असताना हा फरक ओळखून दाखवणाऱ्याला मी चहा पाजेन. ब्लूटूथचा खरा त्रास घरगुती आहे. नवरा-बायको दोघांचे फोन जोडलेले असले की टेप आधी कोणाला पकडेल त्याचा नेम नाही, आणि ऐन तानेत सोसायटीच्या चेअरमनचा फोन येतो. आणखी एक: गाडीत ब्लूटूथ आहे म्हणजे त्यावर गाणी वाजतीलच असं नाही. काही जुन्या टेपमधलं ब्लूटूथ फक्त कॉलसाठी असतं. अशा वेळी, किंवा ब्लूटूथ मुळातच नसेल तेव्हा, ऑक्सच्या भोकात बसणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर लावा. ऑक्स असून ट्रान्समीटर वापरणाऱ्याला मी तरी हेच सांगतो.

या दोघांच्या भांडणात पेनड्राइव्हकडे कोणाचं लक्ष जात नाही, हा त्याच्यावर अन्याय आहे. ताम्हिणीत किंवा वरंध घाटात नेटवर्क गेलं की स्ट्रीमिंगवाले गप्प होतात. पेनड्राइव्हला नेटवर्कशी देणंघेणं नाही. बॅटरी नाही, कॉल नाही, नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत राहिला तर फोनइतकी काळजी नाही. ३२ जीबीत ३२० केबीपीएसची पाच-पाच मिनिटांची अडीच हजार गाणी सहज मावतात.

फक्त त्याचे नखरे सांभाळावे लागतात. पेनड्राइव्ह फॉरमॅट करताना विचारलेल्या प्रकारांतून एफएटी३२ निवडा, कारण एक्सफॅट हा दुसरा प्रकार बऱ्याच जुन्या टेपना कळत नाही. गाणी अनेकदा नावाच्या क्रमाने न लागता, ज्या क्रमाने कॉपी केली त्या क्रमाने लागतात. म्हणून नावाआधी ०१, ०२ घाला आणि त्याच क्रमाने कॉपी करा. फाइलची नावं देवनागरीत ठेवलीत तर जुन्या स्क्रीनवर नुसते चौकोन दिसतात. नाइलाजाने रोमनमध्ये लिहा. आणि पन्नास मिनिटांचा अख्खा राग एकाच फाइलमध्ये असेल तर पेट्रोल भरून आल्यावर कुठून सुरू होतो ते तपासा. काही टेप जिथे थांबले तिथून उचलतात, काही पुन्हा पहिल्या षड्जावर नेऊन ठेवतात.

त्याच यूएसबीला फोन लावला तर जुना टेप तो चार्ज करून गप्प बसेल. हल्लीचे अँड्रॉइड फोन पेनड्राइव्हसारखे दिसत नाहीत, म्हणून त्यातली गाणी त्याला सापडत नाहीत. यात फोनचा दोष नाही, टेपचाही नाही.

टेपच बदलायचा असेल तर आधी खाचेचं माप: सिंगल डिन १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिन १८० बाय १००. एसीची बटणं किंवा गाडीची सेटिंग त्याच स्क्रीनमध्ये गुंतलेली असतील तर त्या वाटेला जाऊ नका. बाजारात ‘अँड्रॉइड स्टिरिओ’ म्हणून मिळतो तो डॅशबोर्डात बसवलेला टॅब असतो. ‘अँड्रॉइड ऑटो’ म्हणजे तुमच्याच फोनची ॲप टेपच्या पडद्यावर येणं. नावं सारखी, वस्तू वेगळ्या, आणि दुकानदार दोन्ही एकाच दमात सांगतो. मी घेईन तर दुसरी.

वायरी कापू देऊ नका, गाडीच्या मॉडेलचा कपलर (वायरी न कापता जोडायचा प्लग) मागा. बाहेरून घेतलेल्या टेपमध्ये सहसा पिवळी वायर कायम बॅटरीला असते आणि लाल चावी फिरवल्यावर जिवंत होते. माझ्या टेपच्या वेळी कारागिराने दोन्ही एकत्र पिळून पिवळ्या लाइनला लावल्या. टेप रात्रंदिवस चालू राहिला आणि चौथ्या सकाळी गाडी ढकलून सुरू करावी लागली.

काहीही घेतलंत तरी गाणी निघण्याआधी लावा. हातात फोन धरून गाडी चालवणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये नावानिशी आलं आहे. आणि दुकानात चाचणी घेताना ढोल-ताशाचं गाणं लावून, इंजिन बंद ठेवून दाखवतात, त्याला फसू नका. इंजिन चालू करा, एसी लावा, फोन चार्जिंगला जोडा आणि स्वतःच्या फोनमधला नुसता तानपुरा वाजवा.