जहाजावर चित्रकला शिकवायला बोलावणारं पत्र: नागपूरच्या कलाशिक्षकांनी पैसे भरण्याआधी वाचावं

आमच्या ओळखीतल्या बऱ्याच कलाशिक्षकांना सध्या एकाच मजकुराचं पत्र येतंय. परदेशी क्रूझ कंपनीच्या जहाजावर ‘आर्टिस्ट इन रेसिडेन्स’ म्हणून तुमची निवड झाली आहे, प्रवाशांना जलरंग शिकवायचे, महिन्याला २,८०० डॉलर पगार, स्वतंत्र केबिन, जेवण फुकट, आणि जोडीदारालाही सोबत नेता येईल. हे पत्र मलाही आलं. त्यापायी माझे १,१८,५०० रुपये गेले. पोलिसांत तक्रार दिली आहे आणि तिचा पाठपुरावा चालू आहे. पण तोवर आणखी कुणाचे पैसे जाऊ नयेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी शाळेतून ड्रॉइंग टीचर म्हणून निवृत्त झाले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुलं बसवण्यात नोकरीची वर्षं सरली, आता घरी मोठ्या माणसांना जलरंग शिकवते. फुटाळ्याची, अजब बंगल्याची, महालातल्या जुन्या वाड्यांची माझी चित्रं मी समाजमाध्यमांवर टाकते, खाली क्लाससाठी फोन नंबर असतो. तिथूनच त्यांनी मला शोधलं. फोनवरच्या माणसाने अजब बंगल्याच्या चित्रातल्या सावल्यांबद्दल विचारलं, सावलीत जांभळा कशात मिसळला हे विचारलं. म्हणजे चित्र त्याने नीट बघितलं होतं. चित्रकाराशी कसं बोलायचं हे या लोकांना पक्कं ठाऊक आहे.

तो मराठीत बोलायचा. “ताई, मी पण अमरावतीचाच. आपल्या विदर्भाच्या माणसाला तिकडे कोणी विचारत नाही, म्हणून तुमचं नाव मी मुद्दाम पुढे केलं,” असं म्हणाला. व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली. समोर इंग्रजी बोलणारी एक बाई होती, तिने आकाशाचा ओला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, करून दाखवायला सांगितलं. मी दाखवला. एप्रिल होता, आपल्याकडच्या उन्हात कागद हात फिरवेपर्यंत सुकतो. समुद्रावरच्या दमट हवेत तोच वॉश किती वेळ ओला राहील, शिकवताना त्याचं काय करायचं, हे मी आपणहून विचारलं. तिच्याकडे उत्तर नव्हतं, तिने विषय बदलला. जहाजावर हा वर्ग खरोखर चालवणाऱ्या माणसाला हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडला असता.

पैसे एकदम मागितले नाहीत. आधी नोंदणीचे ६,५००. मग व्हिसाचे २२,०००. मग ‘सेफ्टी ट्रेनिंग आणि सीडीसी’चे (सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक) ३८,०००. शेवटी रंगसाहित्याची आणि केबिनची अनामत म्हणून ५२,०००, पहिल्या पगारासोबत परत मिळणार म्हणून सांगितलेली. दर वेळी पत्र यायचं, शिक्का असायचा, कंपनीचं बोधचिन्ह असायचं. ईमेलचा पत्ता कंपनीच्या खऱ्या नावासारखाच, फक्त मध्ये एक आडवी रेघ आणि पुढे ‘करिअर्स’ जोडलेलं. पैसे मात्र दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावावरच्या क्यूआर कोडवर जायचे. विचारलं, तर ‘आमचे अकाउंटंट आहेत’ असं उत्तर.

यातली बरीच नावं खरी आहेत, आणि फसवणूक त्यांच्याच आड होते. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजावर काम करणाऱ्या परदेशी माणसाला अमेरिकेचा सी-वन/डी व्हिसा लागतो, हे खरं. पण त्याची फी अर्जदार दूतावासाच्या अधिकृत अपॉइंटमेंट व्यवस्थेतच भरतो. ती २०२३ पासून १८५ डॉलर आहे, म्हणजे २२,००० रुपयांहून पुष्कळ कमी. त्यासाठी डीएस-१६० नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो आणि मुलाखत द्यावी लागते, नागपूरच्या माणसाला साधारणपणे मुंबईच्या वकिलातीत. मला मात्र ‘व्हिसा मंजूर’ असं लिहिलेली पीडीएफ आली. व्हिसा पासपोर्टच्या पानावर चिकटून येतो. ज्याचा पासपोर्ट घरच्या कपाटातून हललाच नाही, त्याचा व्हिसा मंजूर होऊ शकत नाही.

सीडीसी हे पुस्तकही खरं. एसटीसीडब्ल्यू नावाचं सुरक्षा प्रशिक्षणही खरं. जहाजावर स्वयंपाक करणारा असो की गाणारा, क्रूमध्ये असला तर त्याला हे करावं लागतं. त्यात आग विझवणं, प्रथमोपचार आणि समुद्रात जीव वाचवणं शिकवतात. लाइफजॅकेट घालून पाण्यात उडी मारायची असते, उलटलेली लाइफराफ्ट सरळ करायची असते. मान्यताप्राप्त संस्थेत प्रत्यक्ष गेल्याशिवाय हे होत नाही. मला हे प्रमाणपत्र ‘तुमच्या वयाचा विचार करून’ घरबसल्या देतो म्हणाले, आणि दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर आलंही.

कोकणात गावागावात कुणीतरी ‘बोटीवर’ असतं. तिथे असं पत्र आलं तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी वाचून सांगेल की यात काय गडबड आहे. आपल्याकडे विचारायचं कुणाला? माझ्या सासर-माहेरात जहाजावर पाऊल ठेवलेलं कुणी नाही. हे ठग समुद्रापासून लांबच्या गावांत माणसं शोधतात, ते याचमुळे, अशी माझी आता खात्री झाली आहे.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचे मामा दापोलीचे, जन्मभर बोटीवर काढलेले. ते तिच्याकडे आले होते, तेव्हा तिने त्यांना माझं पत्र दाखवलं. त्यांनी मला फोन केला आणि एकच विचारलं, “बाई, तुम्ही क्रू म्हणून चाललात की पॅसेंजर म्हणून?” मला सांगता येईना. पत्रातही ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

या एका प्रश्नात सगळं आहे. नागपुरातल्या प्रत्येक कलाशिक्षकाने पत्र आल्यावर सर्वांत आधी तोच विचारावा, म्हणून जरा लांबण लावून सांगते.

जहाजावर चित्रकला शिकवण्याचं काम खरोखर असतं. ओशियानिया क्रूझेसच्या ‘मरीना’ आणि ‘रिव्हिएरा’ या जहाजांवर ‘आर्टिस्ट लॉफ्ट’ नावाचा स्टुडिओच आहे. जहाज बंदराला लागत नाही त्या दिवशी प्रवाशांना वेळ काढायचा असतो, तेव्हा असे वर्ग भरतात. पण तिथे पोचायच्या वाटा दोन आहेत आणि त्यांचे नियम वेगळे आहेत.

एक वाट नोकरीची. तुम्ही क्रू असता, पगार असतो, लेखी करार असतो, सीडीसी, मेडिकल, प्रशिक्षण, व्हिसा हे सगळं लागतं. या वाटेवर २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार लागू होतो. भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की काम मिळवून देण्यासाठी नाविकाकडून पैसे घ्यायचे नाहीत. वैद्यकीय दाखला, सीडीसी, पासपोर्ट यांचा सरकारी खर्च फार तर त्याने करावा. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजाच्या मालकाचा. माझ्याकडून जे २२,००० घेतले, ते खऱ्या नोकरीत मी भरायचेच नव्हते.

दुसरी वाट पाहुण्या शिक्षकाची. इथे सहसा पगार नसतो. तुम्ही वर्ग घ्यायचे, बदल्यात केबिन आणि जेवण मिळतं, बहुतेक वेळा एका सोबत्याचंही. विमानाचं तिकीट बहुधा आपलंच. अशी कामं लावून देणाऱ्या काही एजन्सी शिक्षकाकडून दर दिवसामागे ठरावीक शुल्क घेतात आणि ते बेकायदा नाही. म्हणून ‘पैसे मागितले की ठग’ एवढं एकच सूत्र धरून चालत नाही. पण तिथे कुणी महिना २,८०० डॉलर कबूल करत नाही, सीडीसी काढायला लावत नाही. जहाजाचं नाव, निघायची तारीख, बंदर हे आधी कळतं आणि कंपनीच्या जाहीर वेळापत्रकाशी ताडून बघता येतं.

माझ्या पत्रात या दोन वाटांची सरमिसळ होती. पगार नोकरीवाल्याचा, केबिन आणि जोडीदार पाहुण्याचा, आणि खर्च दोन्हीकडचा माझ्या माथी. ज्याला दोन्हीतली एकही वाट ठाऊक नाही, त्याला ही सरमिसळ दिसणार कशी?

आणखी एक गोष्ट मामांनी करायला लावली. क्रूची भरती करणाऱ्या भारतीय कंपनीला मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. माझ्या पत्रावर असा एक नंबर होता. यादीत तो सापडला, आणि क्षणभर मला वाटलं की सगळं ठीक आहे. मामा म्हणाले, “पत्रावरच्या फोनवर नका, यादीत दिलेल्या फोनवर लावा.” मी लावला. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं की नंबर आमचाच आहे, पण आम्ही मालवाहू जहाजांवर माणसं पाठवतो, चित्रकलेशी आमचा काही संबंध नाही, आणि असा फोन आम्हाला याआधीही आला आहे. त्या बिचाऱ्यांचा परवाना कुणीतरी परस्पर वापरत होतं. यादीत नंबर दिसला तरी तिथल्या फोनवर बोलल्याशिवाय त्याला काही किंमत नाही.

तो शेवटच्या हप्त्याचाच दिवस होता. रात्रीच १९३० वर फोन केला. ही सायबर फसवणुकीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. त्यांनी व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारली आणि तक्रार नोंदवली. सकाळी सायबर पोलीस ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-डी लावलं आहे. ५२,००० पैकी ३१,००० समोरच्या खात्यात अडकवून ठेवता आले, कारण ते पुढे सरकायच्या आत फोन झाला. आधीच्या तीन हप्त्यांतलं काहीही हाती लागलं नाही, ती खाती कधीच रिकामी झाली होती. अडकवलेली रक्कमसुद्धा लगेच हातात येत नाही, ठरलेली प्रक्रिया पूर्ण झाल्यावरच परत मिळते.

जबाब देताना माझ्याकडे जे होतं त्याचा उपयोग झाला: सगळे ईमेल, क्यूआर कोडचे फोटो, बँकेचे उतारे, मुलाखतीच्या वेळी माझ्या मुलीने सहज काढलेला स्क्रीनशॉट. चॅट रागाने डिलीट करू नका. नंबर ब्लॉक करण्याआधी त्याचं नाव, फोटो, नंबर दिसेल असं सगळं साठवून घ्या. एका ओळखीच्या सरांनी लाज वाटून सगळं पुसून टाकलं, आता त्यांच्याकडे तक्रारीला जोडायला काहीच नाही. त्यांना मी पुन्हा पुन्हा सांगते आहे की बँकेचा उतारा तरी घेऊन जा, तेवढ्यावरही नोंद होते.

ज्यांना असं काम खरंच करायचं आहे त्यांनी ते सोडू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे उत्तम शिकवणारी माणसं आहेत. पण स्वतःहून अर्ज करा. कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून जा, ईमेलमधल्या लिंकवरून नको. तासाभरात पूर्ण होईल अशा पाठांचा आराखडा आणि शिकवतानाचा व्हिडिओ तयार ठेवा. जो तुम्हाला वर्ग घ्यायला बोलावतो, त्याने तुमचं शिकवणं बघायला मागितलंच पाहिजे. टर्पेंटाइनसारखे ज्वलनशील द्रव जहाजावर चालत नाहीत, म्हणून तैलरंगांचे पाठ त्यात घालू नका. या गोष्टी समोरच्याशी बोला. खरा माणूस असेल तर त्यावर अर्धा तास बोलेल.

तक्रार दिल्यानंतरची एक गोष्ट राहिली. साधारण पंधरवड्याने मला एका ‘अधिकाऱ्याचा’ फोन आला. माझा तक्रार क्रमांक त्याच्याकडे होता. अडकलेले ३१,००० लगेच सोडवून देतो, फक्त ३,१०० प्रक्रिया शुल्क या क्यूआर कोडवर भरा, म्हणाला. मी सायबर ठाण्यात विचारलं. तिथल्या हवालदार ताई म्हणाल्या, “काकू, आम्ही पैसे सोडवायला पैसे घेत नाही. ज्यांनी फसवलं तेच किंवा त्यांच्याकडून तुमची माहिती घेतलेले लोक पुन्हा फोन करतात.” ज्यांची तक्रार झाली आहे अशा सगळ्यांनी याची तयारी ठेवा. असा फोन आला तर तो नंबर त्याच तक्रारीत जोडून घ्या, मीही घेतला आहे.