तलफ दाबायची की न्याहाळायची?

सिगारेट सोडायचा पहिला मार्ग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तारीख ठरवा, पाकीट फेका, तोंडात बडीशेप टाका, टपरीची वाट टाळा. निर्धार सकाळी ताजा असतो. संध्याकाळी, दमून घरी येताना, नेमका तोच सुटतो.

दुसरा मार्ग सजगतेचा. इथे तलफेपासून पळायचं नाही. ती छातीत जाणवते की घशात, चढतेय की ओसरतेय, एवढंच बघायचं. सिएटलचे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट तिला लाटेची उपमा देत: लाटेशी झुंजायचं नाही, ती फुटेपर्यंत तिच्यावर तरंगायचं. आणखी गंमत म्हणजे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जडसन ब्रूअर सुरुवातीला सिगारेटला बंदीच घालत नाहीत. ओढा, पण लक्ष देऊन ओढा, म्हणतात. लक्ष दिलं की तो वास, ती कडवट चव खरोखर कळते आणि मोहिनी उतरू लागते.

याच ब्रूअर यांनी येल विद्यापीठात ८८ जणांवर प्रयोग केला. एका गटाला सजगतेचं प्रशिक्षण, दुसऱ्याला अमेरिकन लंग असोसिएशनचा प्रचलित कार्यक्रम. २०११ साली आलेल्या निष्कर्षांनुसार १७ आठवड्यांच्या पाठपुराव्यात पहिल्या गटातले ३१ टक्के, दुसऱ्यातले ६ टक्के सिगारेटपासून दूर होते. प्रयोग लहान, त्यामुळे आकडे डोक्यावर घेऊन नाचू नये.

तरी निवडायचंच तर मी दुसरा मार्ग घेईन, मात्र टपरीची वाट टाळूनच. व्यसन फार मुरलेलं असेल तर निकोटीनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांनाही विचारावं. त्याने सजगतेचं काही बिघडत नाही.