पटकथा ‘कन्व्हर्ट करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

ठाणे स्टेशनच्या आसपास डीटीपीची दुकानं पूर्वीपासून आहेत. नाटकाच्या संहिता, प्रबंध, लग्नपत्रिका, सगळं तिथे टाइप होऊन मिळतं. त्यातल्याच एका दुकानात हल्ली ‘स्क्रिप्ट कन्व्हर्जन’ नावाचा नवा धंदा सुरू आहे. मालिका आणि सिनेमासाठी लिहिणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, विशेषतः नव्या मुलांनी.

सेल्टेक्स या पटकथा लिहिण्याच्या सॉफ्टवेअरची डेस्कटॉप आवृत्ती कंपनीने केव्हाच बंद केली, पण आपल्याकडच्या अनेकांच्या जुन्या पटकथा अजून तिच्यातच पडून आहेत. माझीही होती. घोडबंदर रोडवरच्या एका निर्मात्यांना ती फायनल ड्राफ्ट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे एफडीएक्स फाइल म्हणून हवी होती. मागणी रास्त होती. सहायक दिग्दर्शक त्याच फाइलवरून ब्रेकडाउन काढतात: कुठल्या लोकेशनचे किती सीन, कुठल्या नटाचे किती दिवस.

दुकानदाराचा भाव पानाला 40 रुपये. वर 6,000 रुपयांत फायनल ड्राफ्टचं ‘लाइफटाइम लायसन्स’. पैसे यूपीआयने, तेही दुकानाच्या नव्हे तर भलत्याच नावाच्या खात्यावर. बिल मागितलं तर उत्तर तयार होतं, ‘मॅडम, बिल घेतलं तर जीएसटी तुम्हालाच पडेल.’

काम वेळेत मिळालं आणि प्रिंट देखणी होती. पात्रांची नावं मधोमध, संवाद आत सरकवलेले, सीनची शीर्षकं ठळक. फक्त माझी 104 पानांची पटकथा 139 पानांची झाली होती. अक्षर मोठं, ओळींमधली जागा मोकळी, आणि हिशेब पानावर. हा हातखंडा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं याच वृत्तीतून आलं.

निर्मात्यांकडच्या सहायक दिग्दर्शकाचा फोन आला, ‘ताई, यात एकही सीन नाहीये.’

पटकथेच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक परिच्छेदाला एक प्रकार असतो: सीन हेडिंग, अॅक्शन (म्हणजे वर्णन), कॅरेक्टर, डायलॉग. त्यावरूनच सीनची आणि पात्रांची यादी तयार होते. दुकानदाराने सेल्टेक्समधून पीडीएफ काढली, मजकूर उचलून नव्या फाइलमध्ये ओतला आणि स्पेसबार-टॅब मारून तो पटकथेसारखा दिसेल असा केला. नेपथ्यातल्या रंगवलेल्या दारासारखं काम: लांबून दार, हात लावला की फळी. एफडीएक्स ही आतून साधी एक्सएमएल फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. मी उघडली, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक परिच्छेदाचा प्रकार एकच, अॅक्शन.

दुसरा पुरावा मजकुरातच होता. ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या होत्या, काही जोडाक्षरं फुटली होती. देवनागरी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की बहुतेकदा हेच होतं. ‘आमच्याकडे स्पेशल कन्व्हर्टर आहे’ हे वाक्य तिथेच खोटं ठरलं.

विचारायला गेले तर म्हणाला, ‘सॉफ्टवेअर मराठी नीट घेत नाही, करेक्शनचे वेगळे लागतील.’ देवनागरीला अडचणी येतात हे खरंच आहे, आणि म्हणूनच ही थाप गिऱ्हाइकाला पटते. पण परिच्छेदांचे प्रकार गायब होण्याशी मराठीचा काडीचा संबंध नाही.

लायसन्सची कथा छोटी आहे. ते कुठल्यातरी संस्थेच्या नावावरचं खातं होतं. एका लायसन्सवर मोजक्याच संगणकांना परवानगी असते. मूळ मालकाने आमचे संगणक काढून टाकले आणि माझं ‘लाइफटाइम’ आटोपलं.

राग पैशांपेक्षा याचा येतो की हे काम फुकटात झालं असतं. जुनी सेल्टेक्स फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप असते. तिची प्रत काढून फाइलच्या नावातलं टिंबानंतरचं ‘celtx’ बदलून ‘zip’ करा, उघडा, आत एचटीएमएलमध्ये तुमची पटकथा असते आणि प्रत्येक ओळीचा प्रकार तिथे लिहिलेला असतो. तिथून ती फाउंटनमध्ये आणायची. फाउंटन म्हणजे साध्या मजकुरात पटकथा लिहिण्याची पद्धत, 2012 पासून प्रचलित आहे. इंग्रजीत कॅपिटल अक्षरांवरून पात्राचं नाव ओळखलं जातं. आपल्या लिपीत कॅपिटल नाहीत, त्यामुळे नावाआधी @ आणि सीनच्या शीर्षकाआधी टिंब द्यावं लागतं. हे कंटाळवाणं आहे, एखादी दुपार जाते. मग किट सिनारिस्टसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल आयात करून एफडीएक्स काढता येते. मी शेवटी तेच केलं.

तरीही कुणाला काम द्यायचंच असेल तर आधी फक्त पाच पानं द्या. परत आली की प्रिंट बघू नका, सीनची यादी उघडा. यादी रिकामी असेल तर पुढचा एक रुपयाही देऊ नका. मूळ फाइल हातची सोडू नका, प्रत द्या. संहिता बाहेर जाण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवून घ्या. 1957 च्या कायद्याने कॉपीराइट लिहिल्याक्षणीच तुमचा असतो, पण उद्या वाद झाला तर तारखेचा कागद हवा. माझी अख्खी पटकथा त्या दुकानाच्या संगणकावर अजून आहे, आणि पैशांपेक्षा तीच काळजी मोठी आहे.

पोलीस चौकीत ‘हा व्यवहाराचा वाद आहे’ असं ऐकायला मिळालं. ऑनलाइन फसवलं गेलं असतं तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच कळवायचं असतं. दुकानातल्या व्यवहारासाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. तिथे मी तक्रार नोंदवली, यूपीआयची पावती आणि दोन्ही फाइली जोडून. त्यानंतर दुकानदाराचा निरोप आला की तक्रार मागे घेतली तर निम्मे पैसे देतो. मी कळवलंय: पैसे पूर्ण, बिलासकट, आणि माझ्यासमोर पटकथा त्याच्या संगणकावरून काढून टाकायची. उत्तर अजून आलेलं नाही.