खोक्यावर आयटीएफ-१४ छापावा की जीएस१-१२८ चिकटवावा?

डिचोलीत आमचं काजूचं छोटं पॅकिंग युनिट आहे. पहिली तीन वर्षं खोक्यांवर आयटीएफ-१४ (फक्त १४ आकड्यांचा, जाड रेषांचा बारकोड) होता, आता जीएस१-१२८ (आणखी माहितीही मावणारा बारकोड) आहे. भारतात नोंदवलेला, ८९०ने सुरू होणारा मालाचा क्रमांक दोन्हींना चालतो, त्यामुळे तो खर्च यात धरत नाही.

आयटीएफची सोय मोठी. खोके बनवणाराच तो छापून देतो. लेबल नको, प्रिंटरची शाईची रिबन नको, प्रिंटर नको. खरबरीत पुठ्ठ्यावर शाई थोडी पसरली तरी त्या जाड रेषा वाचल्या जातात. स्कॅनर गनचा किरण तिरका गेला तर मात्र बारकोड अर्धाच वाचला जाऊ शकतो, आणि गन तरीही खुशाल टीप वाजवते. भोवतालची जाड काळी चौकट ते टाळायलाच असते. आम्ही गनमध्ये लांबी १४ आकड्यांवर बांधून टाकली आणि तो प्रश्न मिटला. पावसाळ्यात तर छापलेल्या बारकोडला तोड नाही. पुठ्ठा सादळला की लेबलचे कोपरे उठतात. छापलेला कुठे जाणार?

मग बदललं का? जुलैतल्या एका फोनमुळे. बेळगावचे घाऊक गिऱ्हाईक म्हणाले, "दोन खोक्यांतले काजू मऊ पडलेत हो." बॅच आम्ही रबरी शिक्क्यानं मारायचो. चोर्ला घाटात ताडपत्रीतून पाणी झिरपलं आणि शिक्का फरफटला. बारकोड ठणठणीत होता, पण तो सांगणार काय? अर्धा किलोची वीस पाकिटं, बस. तेच त्या ट्रकमधल्या प्रत्येक खोक्यावर, मागच्या वर्षीच्या खोक्यांवरसुद्धा. चौदाही आकडे माल कोणता हे सांगण्यातच संपतात. वहीत बॅचची नोंद होती; कोणती बॅच कोणाकडे गेली, ही नव्हती. शेवटी त्या आठवड्यात चौघांना गेलेला सगळा माल परत मागवला. उघडून पाहिलं तर एकाच बॅचचं सील कच्चं. बाकीचे चांगले काजू उगाच घाट उतरून आले. दोष आमच्या वहीचाही होता, मान्य. पण घाईच्या दिवसांत वही कोण लिहितो?

जीएस१-१२८ मध्ये त्याच १४ आकड्यांनंतर (१७) या खुणेनं मुदत आणि (१०) या खुणेनं बॅच जोडता येते. ट्रक भरताना गन मारली की नोंद आपोआप होते. त्रास आहेतच. साधं थर्मल लेबल उन्हात काळवंडतं, म्हणून रिबन वापरून छापा. पॅकिंग झाल्याझाल्या, पुठ्ठा कोरडा असतानाच चिकटवा. कंस फक्त खालच्या वाचायच्या ओळीत असतात. आमच्या मुलानं पहिल्या दिवशी तेही बारकोडात भरले होते. आणि बॅच सगळ्यात शेवटी ठेवा. तिची लांबी ठरलेली नसते. ती मध्ये आली आणि ती कुठे संपते हे सांगणारं विभाजक चिन्ह टाकायचं राहून गेलं, तर गन मुदतही बॅचमध्येच ढकलते.

पॅलेटसाठी तुलनाच नको. तिथे प्रत्येक पॅलेटचा (खोके रचलेल्या फळीचा) स्वतंत्र १८ आकडी ओळख क्रमांक, म्हणजे एसएससीसी लागतो, आणि तो आयटीएफ-१४ मध्ये मावत नाही.

तुमच्या मालाला मुदत नसेल, गिऱ्हाईक बॅच विचारत नसेल, तर आयटीएफनं भागेल कदाचित. फक्त पाकिटावरच्या १३ आकड्यांच्या सुरुवातीला १ लावल्यावर शेवटचा तपासणी आकडा नव्याने काढा. बरेच जण जुनाच ठेवतात. खाण्याचा माल असेल तर मी लेबलकडेच झुकेन.

आमचे रिकामे खोके आजही आयटीएफ छापूनच येतात. लेबल त्याच्या शेजारी लागतं, १४ आकडे दोन्हीकडे तेच. श्रावणात एखादं लेबल गळून पडलं, तर निदान आत काय आहे ते तरी कळतं.