दहा टक्के सांगून साडेसोळा: जुन्या व्हॅनचं कर्ज

जुनी गाडी घेताना मीटर मागे फिरवलेलं असू शकतं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या गाडीचंही फिरवलेलं होतं, ते पुढे सांगतो. पण मला जास्त खड्ड्यात घातलं ते हप्त्याने. मीटर फिरवणं निदान बऱ्याच देशांत गुन्हा तरी आहे. हप्त्याचं जे झालं ते रीतसर कागदावर, सहीशिक्क्यानिशी झालं.

काळ २०२२चा. आदल्या वर्षी चिपच्या तुटवड्याने जगभरातले गाड्यांचे कारखाने अडखळले होते. नव्या गाडीसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागत होतं आणि जुन्यांचे भाव चढले होते. त्यात महागाई आवरायला देशोदेशीच्या मध्यवर्ती बँकांनी व्याजदर वाढवायला घेतले. मला धंद्याचा माल पोचवायला व्हॅन हवी होती, कारण भाड्याच्या गाडीतच नफा जात होता. विक्रेत्याने दोन्ही बातम्या नेमक्या वापरल्या. "ही गाडी उद्या राहणार नाही, आणि आजचा दर पुढच्या महिन्यात राहणार नाही." दोन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या होत्या, त्यामुळे खोडता येईना. मग हुकमाचं पान आलं: "आपला फ्लॅट रेट आहे साहेब, दहा टक्के. बाहेर व्याज कितीही वाढू दे, तुमचा हप्ता हलणार नाही."

खरंच हलला नाही.

माझ्या बँकेने बारा टक्के सांगितले होते, घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या मुद्दलावरच व्याज, पाच वर्षांसाठी. विक्रेत्याने एका कोऱ्या कागदावर वर बँकेचे १२ लिहिले, खाली स्वतःचे १०, आणि मधल्या दोन टक्क्यांभोवती पेनने दोनदा गोल केला. शेजारी दोन्ही हप्ते मांडले. त्याचा हप्ता बँकेपेक्षा कमी होता. दर कमी, हप्ताही कमी. मुदतीचा आकडा मात्र त्या कागदावर नव्हता. त्याच्या हप्त्यामागे सात वर्षं होती, बँकेच्या हप्त्यामागे पाच.

शंभराचं कर्ज धरून हिशोब करा. बँकेचा हप्ता २.२२, साठ महिने, म्हणजे शंभरावर साधारण साडेतेहेतीस व्याज. फ्लॅट दराचा हिशोब वेगळा चालतो. दहा टक्के दर वर्षी पूर्ण शंभरावर लागतात, तुम्ही अर्धं मुद्दल फेडलेलं असलं तरी. सात वर्षांचे सत्तर. एकशे सत्तर भागिले चौऱ्याऐंशी महिने म्हणजे २.०२. हप्ता वीस पैशांनी कमी, व्याज दुपटीहून जास्त. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या भाषेत मांडला, तर दर येतो साडेसोळा टक्क्यांच्या वर. म्हणजे मुळात तुलनाच बारा आणि साडेसोळाची होती, गोल मात्र बारा आणि दहाभोवती काढलेला.

हे काढायला गणिती असावं लागत नाही. स्प्रेडशीटमधल्या 'रेट' फंक्शनला महिन्यांची संख्या, वजा चिन्ह लावलेला हप्ता आणि कर्जाची रक्कम एवढं दिलं की मासिक दर येतो. त्याला बाराने गुणायचं. कर्जाच्या रकमेतून प्रोसेसिंग फी वजा करून टाका, म्हणजे दर आणखी खरा दिसेल. विक्रेत्यासमोर मोबाइल काढून हे करायला लागलात की बोलण्याची गाडी रुळावरून कशी घसरते, ते बघण्यासारखं असतं. नंतर एका मित्राबरोबर दुसऱ्या दुकानात गेलो होतो, तिथे पाहिलं.

वर जोडपदार्थ होतेच. वाढीव वॉरंटी, रंगाचं संरक्षण, कर्जाचा विमा. प्रत्येकाची किंमत वेगळी कधीच सांगितली नाही. "हप्त्यात अगदी किरकोळ फरक पडेल" एवढंच. हे सगळं मुद्दलात मिसळलं गेलं आणि त्यावरही सात वर्षांचं फ्लॅट व्याज बसलं.

आता मीटर. पहिल्याच मोठ्या दुरुस्तीला मेकॅनिकने ड्रायव्हरचा दरवाजा उघडून आतल्या खांबाकडे बोट दाखवलं. तिथे ऑइल बदलल्याचा जुना, अर्धवट खरवडलेला स्टिकर होता. त्यावर पेनने लिहिलेले किलोमीटर तेव्हाच्या मीटरपेक्षा कितीतरी जास्त होते. मग त्याने एकेक दाखवायला सुरुवात केली. ब्रेकच्या पायट्याचं रबर कोरं करकरीत, पण स्टिअरिंग डाव्या बाजूला घासून गुळगुळीत झालेलं. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड दबलेली. शेवटी स्कॅनर लावला. काही गाड्यांमध्ये किलोमीटरची नोंद मीटरखेरीज इतर कंट्रोल युनिटमध्येही असते. मीटर फिरवणारा तिथपर्यंत नेहमी पोचत नाही. इथेही पोचला नव्हता.

टायरवरचे चार आकडेही बघत जा. २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मीटर तीस हजार सांगतंय आणि चारही टायर गाडीपेक्षा बरेच अलीकडचे असतील, तर पहिले कुठे झिजले ते विचारा. एकट्या टायरवरून काही सिद्ध होत नाही, पण विचारल्यावर समोरचा काय गोष्ट रचतो ते ऐकण्यासारखं असतं.

स्टिकरचा फोटो आणि स्कॅनरचा अहवाल जोडून लेखी पत्र पाठवलं. आधी फोनवर "गाडी जशी आहे तशी घेतलीत, करारात लिहिलंय" असं सुनावणारा माणूस पत्रानंतर समोर बसायला तयार झाला. भावातला काही भाग परत मिळाला. वॉरंटी आणि विमा रद्द करून घेतले. त्याची उरलेली रक्कम माझ्या हातात न येता कर्जखात्यात वळती झाली. कर्जाच्या दराबाबत मात्र कोणी दाद दिली नाही. फ्लॅट रेट करारात छापलेला होता, आणि दुकानात काय बोलणं झालं याला कागद नव्हता. तो पेनचा गोल काढलेला कागद विक्रेत्याने बोलता बोलता घडी घालून खिशात टाकला होता. तुमच्यासमोर कोणी असा हिशोब मांडला, तर त्याचा फोटो तिथल्या तिथे काढा.

ज्यांच्या सह्या आधीच होऊन गेल्यात त्यांच्यासाठी थोडं. आज कर्ज बंद केलं तर किती भरावं लागेल, हे कर्ज देणाऱ्याकडून लेखी मागा, दंडासकट. बहुतेकांना धक्का बसतो तो इथेच. काही फ्लॅट करारांत व्याजाची वाटणी '७८च्या नियमाने' होते. एक ते बाराची बेरीज ७८, त्यावरून हे नाव: वर्षभराच्या कर्जात व्याजाचे ७८ भाग धरून पहिल्या महिन्याला १२, दुसऱ्याला ११, असे उतरत लावतात. सुरुवातीच्या महिन्यांत व्याजाचा मोठा वाटा वसूल होतो. माझ्या करारातही हेच कलम. सात वर्षांच्या अशा कर्जात दोन वर्षांत शंभरामागे साडेअठ्ठेचाळीस भरून झालेले असतात आणि मुद्दल अजून साडेपंच्याऐंशी शिल्लक असतं. तिथून बारा टक्क्यांचं नवं कर्ज काढून जुनं फेडलं, तर उरलेल्या पाच वर्षांत शंभरामागे साधारण सात वाचतात, आणि मुदतपूर्व फेडीचा दंड त्यातूनच जातो. पाच वर्षं उलटल्यावर तर सत्तरातलं जेमतेम सहा व्याज उरतं. तेव्हा कोणी 'स्वस्त दरात कर्ज फिरवून देतो' म्हणत फोन केला, तर त्याची नवी प्रोसेसिंग फी त्या सहाच्या शेजारी ठेवून बघा.